खाट शिल्लक नाही

1

आधी दवाखान्याच्या दारात जात विचारायचे. आता खाट सांगतात. "खाट शिल्लक नाही." जात आणि खाट, दोन्ही शब्दांचं काम एकच, माणूस बाहेर ठेवायचं. फरक एवढाच की जातीवरनं बाहेर ठेवलं तर गुन्हा होतो, खाटेवरनं बाहेर ठेवलं तर नाइलाज होतो. नाइलाजावर खटला कसा भरायचा? भरला तर पदरात काय पडतं? आणि खटला जिंकला म्हणून खाट मिळते का?

मी वकील नाही, डॉक्टर नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर असतो. निकालपत्रं वाचली ती पाळी सुटल्यावर, डिक्शनरी मांडीवर घेऊन. चुकलो असेन तर कान धरा, पण शेवटपर्यंत वाचा.

कारण असं झालं. आमच्या खात्यातल्या एका ठेकेदारी पोराचा हात कार्डिंगमधे गेला. ठेकेदारानं त्याची इएसआय नोंद केलेली नव्हती, म्हंजे पोरगा काम करत होता पण कागदावर नव्हता. जवळ एक मोठं ट्रस्टचं इस्पितळ होतं, तिथं नेला. खिडकीवरच्या बाईंनी आधी अनामत रक्कम सांगितली. आम्ही चौघं, अंगाला कापूस चिकटलेला, पोराच्या हाताला गमछा गुंडाळलेला. मी भिंतीकडं बघत होतो. तिथं काचेची पेटी, त्यात रंगीत मासे, आणि पेटीच्या मागं अर्धा झाकलेला एक फलक. निर्धन रुग्णांसाठी 10 टक्के खाटा राखीव. मी फलक वाचून दाखवला. बाई म्हणाल्या, "तहसीलदाराचा दाखला आणा." रात्रीचे दोन वाजलेले. रात्री दोनला कुठला तहसीलदार जागा असतो?

पोराची तीन बोटं गेली. त्या फलकावरचं वाक्य कुणी लिहिलं, का लिहिलं, आणि ते माशांच्या मागं कसं गेलं, हे शोधत मी शंभर वर्षं मागं गेलो.

2

4 ऑगस्ट 1923. मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला. हे बोले म्हंजे गिरणी कामगारांत वावरलेले गृहस्थ. सरकारी पैशानं बांधलेल्या, चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करा, असा ठराव. आपण तेवढंच पाठ केलंय, कारण पुढं चवदार तळं घडलं. पण ठरावाचं शेपूट वाचा. शाळा, कोर्टं, कचेऱ्या, आणि दवाखाने. दवाखाने! म्हंजे 1923 साली सार्वजनिक दवाखान्यात अस्पृश्याला शिरू द्या हे ठराव करून सांगावं लागत होतं. 11 सप्टेंबर 1923 ला सरकारनं खात्यांना तसा हुकूम काढला. हुकूम निघाला. दार उघडलं का?

1929 सालच्या डिसेंबरात गांधींच्या 'यंग इंडिया'त काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र छापून आलं. बाबासाहेबांनी ते आपल्या आठवणींत उतरवून घेतलंय. बायको बाळंत झाली, दोन दिवसांत आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. गावच्या बड्या धेंडांनी दोन रुपये फीची हमी घेतली तेव्हा आला, तेही वस्तीच्या बाहेर. बाईला उचलून बाहेर आणली. डॉक्टरनं थर्मामीटर मुसलमानाच्या हातात दिला, मुसलमानानं नवऱ्याच्या, नवऱ्यानं बायकोच्या. परत तसाच उलटा प्रवास. दिव्याच्या उजेडात डॉक्टरनं पारा बघितला आणि न्यूमोनिया सांगितला. नाडीला हात नाही. पुढं बाई गेली.

यात एक बारकी गोष्ट आहे, ती सुटू देऊ नका. डॉक्टरला फी मिळाली होती. दोन रुपयांची हमी होती. म्हंजे पैसा होता तरी हात लागला नाही. आज उलटं आहे. हात लावायला तयार आहेत, पण आधी हमी पाहिजे. ही शंभर वर्षांची प्रगती!

आता खटल्याकडं या. सार्वजनिक गोष्टीवर आपला हक्क आहे का नाही, यावर आपल्या इतिहासातला मोठा खटला तळ्याचा. 20 मार्च 1927 ला महाडला पाणी प्यालो. 12 डिसेंबर 1927 ला सवर्णांनी दावा लावला, दोन दिवसांत, 14 डिसेंबरला, तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. दोन दिवसांत! आणि मुंबई हायकोर्टाचा शेवटचा निकाल आला 17 मार्च 1937 ला. अडवायला दोन दिवस, सोडवायला दहा वर्षं. कोर्टाचं हे घड्याळ डोक्यात ठेवा, पुढं लागेल.

निकाल आपल्या बाजूनं लागला. पण कशावर लागला? अस्पृश्यता वाईट आहे म्हणून नाही लागला. सवर्णांना वहिवाट सिद्ध करता आली नाही म्हणून लागला. जुन्या काळापासून अस्पृश्यांना तळ्यावर बंदी होती याचा पुरेसा पुरावा नाही, तळं नगरपालिकेचं, सबब दावा फेटाळला. समजा वहिवाट सिद्ध झाली असती तर? म्हंजे कोर्टात आपण जिंकतो तेव्हा कुठल्या मुद्द्यावर जिंकलो ते बघावं लागतं. कधी कधी दार उघडतं, पण कुलूप तिथंच असतं.

3

स्वातंत्र्याच्या तोंडावर, 1946 साली, भोर समितीनं अहवाल दिला. पैसे देता येत नाहीत म्हणून कुणी औषधपाण्यावाचून राहू नये, हे त्याचं मूळ सूत्र. घटनेत कलम 47 आलं. लोकांचं आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य. वाचून छाती फुगते. मग कलम 37 वाचा. ही तत्त्वं कोर्टातनं वसूल करता येणार नाहीत. म्हंजे कर्तव्य आहे, पण फिर्याद नाही. सावकारानं उलटं केलं असतं, आधी फिर्यादीचं कलम लिहिलं असतं.

1955 साली अस्पृश्यता गुन्हा कायदा आला, त्यालाच 1976 साली नागरी हक्क संरक्षण कायदा असं नाव दिलं. त्याच्या पाचव्या कलमात अस्पृश्यतेच्या कारणावरनं दवाखान्यात, इस्पितळात प्रवेश नाकारला तर शिक्षा आहे. बोल्यांच्या ठरावाला दात आले. पण दात आले तोवर खिडकीवरची भाषा बदलली होती. जातीवरनं नाही म्हणतच नाही कुणी. खाट नाही, डॉक्टर रजेवर आहेत, मशीन बंद आहे, दुसरीकडं न्या. यातलं कुठलं वाक्य पाचव्या कलमात बसतं?

दवाखान्याचा हक्क मागायचे दोन रस्ते तेव्हापासून चालत आले. एक रस्ता कामगाराचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. त्या काळात, मार्च 1943 मधे, प्रा. आडारकरांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला बसवलं. 1944 साली अहवाल आला. कापड गिरण्या, इंजिनिअरिंग, खनिज आणि धातू हे तीन धंदे त्यात आधी धरले होते. त्यातनं 1948 चा इएसआय कायदा झाला आणि 24 फेब्रुवारी 1952 ला कानपूर आणि दिल्लीला योजना सुरू झाली. आमच्या पगारातनं जुलै 2019 पासून पाऊण टक्का कापायला लागले, मालकाचा सव्वातीन टक्के. पैसे आधी, दुखणं नंतर. म्हणून इथं उपकाराची भाषा चालत नाही. 2007 साली सुप्रीम कोर्टानंही हेच मानलं की इएसआयचा दवाखाना फुकट नाही, वर्गणीतनं चालतो, म्हणून कामगार तिथं ग्राहक आहे आणि हयगयीबद्दल ग्राहक मंचात जाऊ शकतो.

दुसरा रस्ता बिनवर्गणीचा. नाकाकामगार, कचरावेचक, शेतमजूर, घरकामाची बाई, ठेकेदारी पोरगा. हे सगळे सरकारी इस्पितळात "फुकट" जातात. आणि 1995 च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, जिथं सगळ्यांनाच मोफत सेवा मिळते त्या इस्पितळाला ग्राहक कायदा लागू नाही. पैसे देणारा तो ग्राहक. मग फुकट घेणारा कोण? याचक? आमची आई मीठ घेते, काडेपेटी घेते, साबण घेते, त्यावरचा कर कोण भरतं? फुकट हा शब्द पैसेवाल्याच्या डिक्शनरीतला आहे.

फुकट्याला मग एकच दार उरलं. घटनेचं कलम 21, जगण्याचा हक्क. आणीबाणी उठल्यावर, 1980 च्या आसपास, सुप्रीम कोर्टानं जनहित याचिकेला दार मोकळं केलं. ज्याला कोर्टाची पायरी चढता येत नाही त्याच्यासाठी दुसरा चढू शकतो असं ठरलं. चांगलं झालं. पण तेव्हापासून आपल्या दुखण्यावर दुसरा बोलतो ही सवयही लागली.

4

1989 सालचा निकाल परमानंद कटारांच्या याचिकेवर. पेपरात बातमी होती, स्कूटरवाल्याला गाडीनं उडवलं, जवळच्या इस्पितळात नेलं, डॉक्टर म्हणाले ही पोलीस केस आहे, इथं घेत नाही, वीस किलोमीटरवरच्या इस्पितळात न्या. वाटेत मेला. कोर्ट म्हणालं, डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणं हे आधी, पोलिसांचे कागद नंतर. चांगला निकाल. पण तो डॉक्टरच्या धर्मावर होता, सरकारच्या तिजोरीवर नव्हता.

तिजोरीवरचा निकाल आला बंगालच्या एका शेतमजुरामुळं. 8 जुलै 1992 ला संध्याकाळी पावणेआठला हा मजूर मथुरापूर स्टेशनात चालत्या गाडीतनं पडला. डोक्याला जबर मार, मेंदूत रक्तस्राव. आता त्याची रात्र मोजा.

मथुरापूरचं प्राथमिक आरोग्य केंद्र: सोय नाही, पुढं न्या. पावणेबाराला कलकत्त्याचं नीलरतन सरकार इस्पितळ: तपासलं, एक्सरे काढले, ताबडतोब भरती करा असं लिहिलं, पण खाट नाही. कलकत्ता मेडिकल कॉलेज: खाट नाही. शंभुनाथ पंडित इस्पितळ: हा विभाग आमच्याकडं नाही. नॅशनल मेडिकल कॉलेज: खाट नाही. सकाळी आठला बांगूर इन्स्टिट्यूट: 1310 रुपये भरून खासगीत काढलेला स्कॅन बघितला, मेंदूत रक्त आहे हे कळलं, पण तातडीचा पेशंट घ्यायची सोय नाही. दहा वाजता एसएसकेएम: न्यूरोसर्जरी नाही. सात ठिकाणं, सगळी सरकारी, आणि सात वेळा नाही. शेवटी खासगी इस्पितळात भरती झाला. 9 ते 22 जुलै तिथं राहिला. खर्च सुमारे 17 हजार.

हा मजूर एकटा असता तर इथंच गोष्ट संपली असती. पण तो पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा सभासद होता. संघटना कोर्टात गेली. म्हणून निकालाला माणसाचं नाव नाही, संघटनेचं नाव आहे. वकील लोक आजही तो खटला मजुरांच्या संघटनेच्या नावानं सांगतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

6 मे 1996 ला निकाल लागला. सरकारी इस्पितळानं वेळेवर उपचार न देणं म्हंजे कलम 21 चा भंग. पैसा लागतो हे खरं, पण पैसा नाही म्हणून राज्याला घटनेचं कर्तव्य टाळता येणार नाही. 25 हजार रुपये भरपाई द्या. आरोग्य केंद्रांत प्राथमिक उपचाराची सोय करा, जिल्ह्याची इस्पितळं सुधारा, कुठं खाट रिकामी आहे हे कळायला मध्यवर्ती व्यवस्था उभारा, रुग्णवाहिका ठेवा, आणि हे बाकीच्या राज्यांनीही करा.

त्याआधी बंगाल सरकारनं निवृत्त न्यायमूर्तींची चौकशी समिती नेमली होती, परिपत्रकही काढलं होतं. तातडीचा पेशंट परत पाठवू नका, वेळ पडली तर ट्रॉलीवर ठेवा, जमिनीवर ठेवा. इथं थांबून विचार करा. सात इस्पितळांत जमीन नव्हती काय? खाट नव्हती हे खरं असेल. पण फरशी तर होती. आपण आयुष्यभर फरशीवर झोपतो, कोण तक्रार करणार होतं? म्हंजे अडलं होतं ते खाटेवाचून नव्हतं. हा माणूस परत पाठवला तर आपल्याला कुणी विचारणार नाही, याची खात्री होती. खाटांचा तुटवडा असतो, पण तो कुणाच्या वाट्याला जायचा हे ठरलेलं असतं. मंत्र्याचा भाचा पडला असता तर सात दारं फिरला असता का?

आता हिशोब. 1992 ला 17 हजार गेले. 1996 ला 25 हजार द्यायचा हुकूम झाला. चार वर्षं, आणि वर आठ हजार. आणि त्या रात्री इतर जे परत गेले, ज्यांची संघटना नव्हती, त्यांचा हिशोब कुठल्याच निकालपत्रात नाही.

दोन वर्षांनी, 1998 साली, पंजाब सरकारच्या नोकरांचा खटला आला. खासगी इस्पितळाचं पुरं बिल सरकारनं द्यावं का, हा प्रश्न. कोर्ट म्हणालं, कुठल्याही राज्याची तिजोरी अमर्याद नसते, खर्चाला मर्यादा घालायचा अधिकार सरकारला आहे. 1996 ला पैसा ही सबब नाही, 1998 ला पैसा ही मर्यादा आहे. वकील सांगतील की दोन्ही निकाल वेगळ्या प्रश्नांवर आहेत, आणि ते बरोबरच सांगतील. पण सरकारला दोन्ही निकाल हातात मिळाले. मोर्चा गेला की कुठला दाखवतील?

5

आता त्या माशांच्या मागच्या फलकाकडं येतो.

मोठ्या ट्रस्ट इस्पितळांना काय काय मिळतं बघा. धर्मादाय म्हणून आयकरात सूट. कितीकांना सरकारी जमीन नाममात्र भाड्यानं. जादा बांधकामाची परवानगी. 1988 साली केंद्रानं परदेशी यंत्रांवरची जकात माफ केली, अट अशी की बाहेरच्या रुग्णांपैकी निदान 40 टक्के फुकट तपासायचे, महिना 500 रुपयांच्या आत मिळकत असलेल्यांसाठी निदान 10 टक्के खाटा राखायच्या. यंत्रं आली. गरीब आत आले का? 1996 साली सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की ही अट कायमची आहे, पाळली नाही तर जकात वसूल करा. दिल्लीत एका बड्या इस्पितळाला 15 एकर जमीन महिना 1 रुपया भाड्यानं दिली, बदल्यात एकतृतीयांश खाटा फुकट ठेवायच्या होत्या. त्यासाठी जनहित याचिका लागली, 2009 साली हायकोर्टाचा हुकूम लागला. महिना एक रुपया! आमच्या झोपडीचं भाडं कुणी असं लावून देईल काय?

महाराष्ट्रात 1985 साली विश्वस्त कायद्यात कलम 41 एए घातलं. ट्रस्टच्या इस्पितळांनी 10 टक्के खाटा निर्धनांना फुकट आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या. कायदा झाला आणि कपाटात गेला. 2004 साली मुंबई हायकोर्टात जनहित याचिका झाली, तिच्यातनं योजना तयार झाली, आणि 1 सप्टेंबर 2006 पासून ती लागू झाली. 1985 ते 2006. महाडचं घड्याळ आठवा.

योजना वाईट नाही. तातडीचा पेशंट असेल तर आधी दाखल करून घ्यायचा. निर्धनाकडून अनामत मागायची नाही. खाट, नर्स, साध्या तपासण्या फुकट. औषधं आणि सामानाचा खर्च निर्धन रुग्ण निधीतनं. हा निधी कुठनं येतो? बाकीच्या पेशंटांच्या एकूण बिलाच्या 2 टक्के बाजूला काढायचे. मिळकतीची मर्यादा तेव्हा निर्धनाला वर्षाला 25 हजार, दुर्बलाला 50 हजार होती, पुढं ती वाढवत नेली.

आता गिरणीतल्या माणसानं करायचा हिशोब करू. समजा एका इस्पितळाचं वर्षाचं बिल 100 कोटी आणि खाटा 200. निर्धनांच्या खाटा झाल्या 20. निधी झाला 2 कोटी. म्हंजे एका खाटेला वर्षाचे 10 लाख, दिवसाला सुमारे 2740 रुपये. दुर्बल घटकांचा खर्चही याच निधीतनं, तो तर मी धरलाच नाही. बड्या इस्पितळात अतिदक्षता विभागातल्या पेशंटला एवढ्यात दिवस काढता येतो का, ज्यानं बिल पाहिलंय त्यानं सांगावं. म्हणून दोन आकडे आपसात भांडतात. 10 टक्के खाटा म्हणतात या, 2 टक्के पैसा म्हणतो थांबा. खाट रिकामी असते तेव्हा निधी संपलेला असतो, निधी असतो तेव्हा खाट भरलेली असते. आणि कुठली खाट निर्धनाची हे ठरवणारा तोच, निधीची वही लिहिणारा तोच, दाखला मागणारा तोच. गिरणीत मापाडी मालकाचाच असला की कापडाचं वजन कसं भरतं हे आम्हाला ठाऊक आहे.

इस्पितळवाले म्हणतील, आम्ही सरकारचं काम का करायचं? हा प्रश्न खोटा नाही. 2018 साली सुप्रीम कोर्टानं दिल्लीच्या इस्पितळांना त्याचं उत्तर दिलं. सरकारी जमीन घेतली आहे, तर गरिबांना फुकट उपचार द्यावेच लागतील. पण यातलं राजकारण वेगळंच आहे. सरकार या खटल्यांत हरत नाही आणि जिंकतही नाही. ते सुटतं! नवीन सरकारी इस्पितळ बांधायचं काम हळूच बाजूला पडतं. ट्रस्टमधे जा, 10 टक्के आहेत. नाहीतर विम्याचं कार्ड घ्या. 2012 साली राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत योजना आली, 2013 ला राज्यभर झाली, 2017 ला तिला जोतीरावांचं नाव दिलं. नाव आपलं, पैसा सरकारचा, आणि खाट बऱ्याचदा खासगी. ज्याच्या जिवावर बेतलं त्याला त्यातनं मदत झाली हे मी नाकारत नाही, आमच्याच वस्तीतली माणसं वाचलीत. पण योजनेचं कार्ड म्हंजे रेशनचं तिकीट आहे. तिकीट वाटून धान्य पिकत नाही.

6

शेवटचा खटला परळचा. हा गिरणगावाच्या काळजातला आहे.

1926 साली परळला नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झालं, गिरणी कामगारांच्या बायांसाठी. त्याच साली, त्याच परळला केईएम उभं राहिलं. 1929 ला वाडियांचं मुलांचं इस्पितळ. गिरण्यांच्या नफ्यातनं आलेला पैसा, म्हंजे आपल्या आजोबांच्या फुफ्फुसातल्या कापसातनं आलेला, थोडा तरी परळला परत आला.

2020 च्या जानेवारीत ही वाडिया इस्पितळं बंद पडायला आली. पालिकेकडून आणि राज्याकडून यायचं अनुदान थकलं, असं इस्पितळाचं म्हणणं. पालिकेनं इस्पितळाच्या कारभारावर बोट ठेवलं. मुलांना भरती करून घेणं थांबलं. जनहित याचिका हायकोर्टापुढं आली. राज्यानं 24 कोटी देतो असं सांगितलं. त्याच आठवड्यात मंत्रिमंडळानं इंदू मिलमधल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याची उंची 250 फुटांवरून 350 फूट करायला मंजुरी दिली होती. कोर्ट चिडलं. पुतळ्याला पैसा आहे, पण बाबासाहेबांनी ज्यांच्यासाठी आयुष्य घालवलं ती माणसं मेली तरी चालतील काय, अशा अर्थाचं बोललं.

वस्तीत दोन तट पडले. काही म्हणाले, कोर्टाला आमचाच पुतळा दिसला का? काही म्हणाले, कोर्ट बोललं ते खरं. मला दोन्ही बाजूंचं पटतं आणि दोन्ही पुरं पटत नाही. पुतळ्यापेक्षा दवाखाना मोठा, हे बाबासाहेबांच्या माणसाला दुसऱ्यानं शिकवायची गरज नाही. पण वाडियाचे पैसे पुतळ्यानं खाल्ले, हा हिशोब कुणी मांडला?

खरा हिशोब मी मांडतो. इंदू मिल म्हंजे एक बंद गिरणी. तशा बंद गिरण्यांची मुंबईत सुमारे 600 एकर जमीन होती. 1991 च्या नियमात होतं की या जमिनीची तीन वाटणी करा. एक वाटा शहराच्या मोकळ्या जागा आणि सोयींना, एक वाटा घरांना, एक मालकाला. 2001 साली नियम बदलला. वाटणी फक्त आधीच मोकळ्या पडलेल्या जमिनीची, जिथं गिरणीचं बांधकाम आहे ती जमीन वाटणीतनं बाहेर. सार्वजनिक वाटा चिमूटभर उरला. लोक कोर्टात गेले. 2005 ला हायकोर्टात जिंकले. 7 मार्च 2006 ला सुप्रीम कोर्टात हरले. त्या तारखेला परळ-लालबागमधे किती दवाखाने, किती मैदानं, किती खाटा बांधायच्या राहून गेल्या? आज तिथं टॉवर आहेत, मॉल आहेत. 350 फुटांच्या पुतळ्याकडं बोट दाखवणारे त्या टॉवरांची उंची मोजत नाहीत. आणि बघा, 2011 च्या 6 डिसेंबरला आपली माणसं इंदू मिलमधे घुसून बसली म्हणून तेवढी एक गिरणी तरी टॉवर व्हायची वाचली. आता तिथं पुतळ्याबरोबर दवाखानाही मागू. मागायचा हक्क आपला आहे, कारण जमीन आपण धरून ठेवली.

7

मग खटले करायचे का नाही?

करायचे. पण डोळे उघडे ठेवून. महाडला आधी माणसं तळ्यावर गेली, मग कोर्ट आलं. बंगालात आधी संघटना होती, मग याचिका झाली. मुंबईत 1985 चा कायदा होता, पण दारात उभं राहणारं कुणी नव्हतं, तो एकवीस वर्षं झोपला. निकाल हा कागद आहे. कागद बोलत नाही, धरून उभा राहणारा बोलतो.

तेव्हा एवढं तरी करू. आपल्या शहरात धर्मादाय इस्पितळं कुठली, त्यांच्या निर्धनांच्या खाटा किती, निधी किती जमला, किती खर्च झाला, हे माहितीच्या अधिकारात धर्मादाय आयुक्तांकडं विचारू. उत्तर येईल ते वस्तीच्या फळ्यावर खडूनं लिहू. मिळकतीचे दाखले आजार यायच्या आधीच काढून ठेवू, एक दिवस ठरवून, सगळ्या गल्लीचे एकदम. आणि रात्री दोन वाजता कुणी इस्पितळात गेला तर त्याच्याबरोबर चौघं जावेत, त्यातल्या एकाला तरी वाचता यावं.

त्या पोरानं परवा सहा पानी अर्ज लिहिला. डाव्या हातानं लिहिला, उजव्याची बोटं नाहीत. अक्षर वाकडं आहे. ठेकेदाराविरुद्ध, इएसआयकडं, आणि एक प्रत धर्मादाय आयुक्तांना. मी स्पेलिंगं तपासून दिली. घड्याळ महाडचं आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी अर्ज टाकलाय.

जयभीम.